बाकी आणि थकबाकी: ब्रिटनमध्ये वीज-गॅसचा पुरवठादार बदलताना

बिल आलेले आहे, भरायचे राहिले आहे, पण मुदत अजून उलटलेली नाही, अशा रकमेला मराठीत आपण ‘बाकी’ म्हणतो. मागणी होऊन आणि मुदत टळूनही जी रक्कम भरली गेली नाही, तिला ‘थकबाकी’ म्हणतो. किराणा दुकानाच्या वहीपासून पतसंस्थेच्या ताळेबंदापर्यंत हा फरक आपण न सांगता पाळतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हातून मात्र वीज किंवा गॅसचा पुरवठादार बदलताना नेमका हाच फरक निसटतो, कारण तिथल्या बिलावर दोन्ही प्रकारच्या रकमा कंपनीचे येणे म्हणून जवळजवळ सारख्याच शब्दांत छापलेल्या असतात. त्यातून दोन उलट्या चुका होतात. काही जण साधी बाकी असतानाही ‘आपल्यावर कर्ज आहे, आता बदल करता येणार नाही’ असे समजून महिनोन्‌महिने महाग दरावर राहतात, तर काही जण खरोखरची थकबाकी असताना स्वस्त दराची जाहिरात पाहून अर्ज करतात आणि तो अडवला गेल्याचे पत्र हाती आल्यावर गोंधळून जातात.

हा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडण्याचा प्रसंगच येत नाही. महावितरणचे बिल येते आणि ते भरायचे असते. मुंबईच्या उपनगरांत टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी यांच्यात निवड करता येते, पण तो अपवाद आहे. ब्रिटनमध्ये मात्र 1999पर्यंत वीज आणि गॅस या दोन्हींची घरगुती बाजारपेठ स्पर्धेसाठी पूर्ण खुली झाली. तारा, नळ्या आणि मीटर आहे तिथेच राहतात. बदलते ती फक्त बिल पाठवणारी कंपनी. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये या कंपन्यांवर ऑफजेम ही नियामक संस्था देखरेख करते आणि पुढे सांगितलेले नियम त्या तीन प्रदेशांचे आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये नियामक वेगळा आणि नियमही वेगळे.

बाकी आणि थकबाकी यांच्यामधली रेषा तिथे 28 दिवसांची आहे. पुरवठादाराने एखाद्या रकमेची लेखी मागणी केली आणि त्यानंतर 28 दिवस उलटूनही ती भरली गेली नाही, तरच तो त्या कारणासाठी ग्राहकाच्या बदलीवर आक्षेप घेऊ शकतो. दिवस मोजायचे ते वीज वापरल्यापासून नव्हे, तर लेखी मागणी झाल्यापासून. शिवाय नियम ‘आक्षेप घेऊ शकतो’ असा आहे, ‘घेतलाच पाहिजे’ असा नाही; जुनी कंपनी हा अधिकार वापरेलच असे नाही, मात्र ती वापरणार नाही असे गृहीत धरून बसणेही शहाणपणाचे नाही.

समजा, दोन कुटुंबे आहेत आणि दोघांच्याही खात्यावर 180 पौंडांचे येणे दिसत आहे. पहिल्या कुटुंबाला 5 मार्चला बिल आले आणि त्यांनी 20 मार्चला नव्या कंपनीकडे अर्ज केला. दुसऱ्या कुटुंबाला बिल 10 जानेवारीला आले होते, मध्यंतरी स्मरणपत्रही येऊन गेले आणि त्यांनीही 20 मार्चलाच अर्ज केला. पहिल्या कुटुंबाची रक्कम ही बाकी आहे. त्यांची बदली ठरल्याप्रमाणे पार पडेल आणि 180 पौंड, तसेच बदलीच्या दिवसापर्यंतचा पुढचा वापर, जुन्या कंपनीच्या अंतिम बिलात येईल. दुसऱ्या कुटुंबाची रक्कम, आकडा अगदी तोच असूनही, थकबाकी आहे, आणि जुनी कंपनी त्यांची बदली थांबवू शकते. तसे केल्यास तिने ग्राहकाला कारण कळवले पाहिजे आणि अडथळा कसा दूर होईल हेही सांगितले पाहिजे. रक्कम भरली की त्यांना पुन्हा अर्ज करता येतो.

इथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा. बाकी असताना बदली होते याचा अर्थ बाकी माफ होते असा नाही, आणि ती आपोआप नव्या कंपनीकडे जाते असाही नाही. ती जुन्या कंपनीचेच येणे राहते आणि तिलाच द्यावी लागते. अंतिम बिल बदलीनंतर सहा आठवड्यांच्या आत यायला हवे. पुष्कळ जण नवी कंपनी सुरू झाली की जुन्या कंपनीचा डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून बिलाची रक्कम आपोआप वळती होण्याची सोय, त्याच दिवशी बँकेतून बंद करतात. मग अंतिम बिलाची रक्कम वसूल होत नाही, पत्रे येत राहतात, आणि जी केवळ बाकी होती तिची थकबाकी होते. आता तिचा उपयोग बदली अडवायला होणार नसला, तरी वसुलीची कारवाई आणि पतनोंदीवरचा डाग या दोन्ही गोष्टी मागे लागू शकतात. म्हणून अंतिम बिलाचा हिशेब पूर्ण होईपर्यंत जुना डायरेक्ट डेबिट चालू ठेवावा आणि बदलीच्या दिवशीच्या मीटर रीडिंगचे छायाचित्र काढून ठेवावे.

डायरेक्ट डेबिटच्या ग्राहकांना आणखी एका कारणाने विनाकारण भीती वाटते. दरमहा सारखा हप्ता भरण्याच्या पद्धतीत हिवाळ्यातला वापर हप्त्याच्या पुढे जातो आणि उन्हाळ्यात तो भरून निघतो. त्यामुळे फेब्रुवारीत खाते कधी कधी दीडशे-दोनशे पौंडांनी उणे दिसते. ठरलेला हप्ता दरमहा वेळेवर जात असेल तर ही उणे रक्कम मागणी होऊन थकलेली रक्कम नव्हे. ती वर्षभराच्या हिशेबातली चढउतार आहे. बदली केली तर ती अंतिम बिलात एकरकमी मागितली जाईल एवढेच, आणि त्यासाठी पैसे हाताशी हवेत. त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीऐवजी खाते सावरल्यावर, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी, बदली करणे अनेक घरांना सोयीचे पडते.

आतापर्यंतचे सारे महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शेवटी बिल येणाऱ्या मीटरबद्दल झाले. प्रीपेमेंट मीटर, म्हणजे आधी पैसे भरून मग वीज किंवा गॅस वापरण्याचा मीटर, असेल तर थकबाकीची वागणूकच बदलते, आणि या भागाकडे मला सर्वांत जास्त लक्ष वेधावेसे वाटते, कारण ज्यांना या सवलतीची गरज आहे त्यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते. अशा मीटरवर जुनी थकबाकी बसवलेली असते आणि प्रत्येक टॉप-अपमधून किंवा आठवड्याच्या ठरावीक रकमेने ती थोडी थोडी कापली जाते. ही थकबाकी 28 दिवसांहून जुनी असली, तरी विजेसाठी 500 पौंडांपर्यंत आणि गॅससाठी वेगळी 500 पौंडांपर्यंत असेल, तर ग्राहकाला ती घेऊन नव्या कंपनीकडे जाता येते. दोन्ही मर्यादा स्वतंत्र आहेत. विजेचे 400 आणि गॅसचे 450 असे मिळून 850 पौंड झाले तरी दोन्ही रकमा मर्यादेतच राहतात. ग्राहकाच्या संमतीने थकबाकी नव्या कंपनीच्या नावावर वर्ग होते आणि तिथून पुढे तीच कंपनी ती मीटरमधून वसूल करते.

म्हणजे बिलाच्या मीटरवर बाकी जुन्या कंपनीकडे मागे राहते आणि थकबाकी माणसाला अडवून धरते. प्रीपेमेंट मीटरवर मात्र थकबाकी माणसाबरोबर प्रवास करते. माझ्या मते ही सवलत न्याय्य आहे. ज्याचे बिल थकले आहे त्यालाच स्वस्त दराची गरज सर्वांत जास्त असते, आणि तोच माणूस महाग दराशी बांधलेला राहिला तर थकबाकी फिटण्याऐवजी वाढते. बिलाच्या मीटरवरच्या ग्राहकाला असा मार्ग नसावा, ही मला या नियमांतली खरी उणीव वाटते. मात्र केवळ या सवलतीसाठी प्रीपेमेंट मीटर बसवून घेणे हा चांगला उपाय नाही. पूर्वी अशा मीटरवर घरगुती वीज अधिक महाग पडत असे, तो फरक जुलै 2023पासून काढून टाकण्यात आला हे खरे. पण पैसे संपले की घरातले दिवे आणि हीटर बंद पडतात, ही वस्तुस्थिती बदललेली नाही, आणि लहान मूल किंवा आजारी वडीलधारे माणूस घरात असेल तर हा धोका मोठा आहे.

थकबाकीच्या बाबतीत अडवणूक करण्याचा अधिकार कंपनीला नेहमीच असतो असेही नाही. बिल कंपनीच्या चुकीमुळे फुगले असेल, उदाहरणार्थ मीटर दुसऱ्याच फ्लॅटशी जोडला गेला असेल किंवा रीडिंग चुकीचे नोंदले गेले असेल, तर त्या रकमेच्या आधारे बदली अडवता येत नाही. शिवाय मे 2018पासून एक महत्त्वाचा नियम लागू आहे: कंपनीने वेळेत नीट बिल दिले नसेल, तर 12 महिन्यांपेक्षा आधी वापरलेल्या विजेचे किंवा गॅसचे पैसे ती घरगुती ग्राहकाकडून मागू शकत नाही. ग्राहकाने स्वतःच मीटर तपासू दिला नाही, असा अडथळा त्याच्या बाजूने असेल तर ही ढाल चालत नाही. दोन वर्षे अंदाजे बिले भरत राहिल्यानंतर अचानक मोठी रक्कम मागितली गेली, तर ती भरण्यापूर्वी किंवा तिचे हप्ते मान्य करण्यापूर्वी त्यातला किती भाग 12 महिन्यांपलीकडचा आहे हे कंपनीकडून लेखी मागून घ्यावे. तक्रार करून आठ आठवडे झाले तरी निवाडा झाला नाही, तर एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारण संस्थेकडे जाता येते आणि त्यासाठी ग्राहकाला शुल्क पडत नाही.

रक्कम खरी आहे, आपलीच आहे आणि एकदम भरणे शक्य नाही, अशा वेळी कंपनीने ग्राहकाची ऐपत लक्षात घेऊन हप्ते ठरवले पाहिजेत. ते तिच्या परवान्याच्या अटींतच आहे. परंतु हप्ते ठरले म्हणून थकबाकीची पुन्हा बाकी होते असे समजू नये. येणे फिटेपर्यंत बदलीवरचा आक्षेप उभा राहू शकतो, म्हणून या काळात त्याच कंपनीकडे आपल्यासाठी याहून स्वस्त योजना आहे का, हे विचारणे अधिक उपयोगी ठरते. कर्जे एकाहून अधिक असतील, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ ही 60 दिवसांच्या स्थगितीची सोय आहे. ती कर्जसल्लागारामार्फत मिळते आणि त्या काळात वसुलीची कारवाई थांबते, मात्र चालू वापराचे बिल भरत राहावे लागते.

शेवटचा मुद्दा थकबाकी कोणाची, हा आहे, आणि इथे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाची समजूत त्याच्या विरुद्ध काम करते. आपल्याकडे विजेची थकबाकी वास्तूला चिकटते. नव्या मालकाकडून जुन्या मालकाची थकबाकी वसूल करण्याची नियमांतली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने मे 2023मध्ये वैध ठरवली, आणि महाराष्ट्राच्या 2005च्या पुरवठा संहितेतही अशी जबाबदारी नव्या मालकावर टाकलेली होती, फक्त वारस वगळता इतरांसाठी ती सहा महिन्यांच्या बिलांपुरती मर्यादित होती. त्यामुळे आपण घर घेताना किंवा भाड्याने घेताना आधीचे वीज बिल पाहतो. ब्रिटनमध्ये थकबाकी वास्तूची नसते, ती वापरणाऱ्या व्यक्तीची असते. आधीच्या भाडेकरूचे येणे नव्या रहिवाशाने भरायचे नसते, आणि त्याच्या नावाने आलेल्या मागणीमुळे नव्या रहिवाशाची बदली अडता कामा नये.

असे असले तरी प्रीपेमेंट मीटरच्या घरात पहिल्याच दिवशी सावध राहावे लागते. आधीच्या माणसाची थकबाकी मीटरमध्ये बसवलेली असू शकते, आणि मागे राहिलेली चावी किंवा कार्ड (ज्यावर पैसे भरून मीटर चालवतात ते) वापरून टॉप-अप केला तर नव्या रहिवाशाच्या पैशांतून ती कापली जाऊ लागते. म्हणून टॉप-अप करण्याआधी त्या घराला कोणती कंपनी पुरवठा करते हे शोधून तिला फोन करावा, राहायला आल्याची तारीख आणि रीडिंग कळवावे, भाडेकराराची प्रत जवळ ठेवावी, मीटरवरची जुनी थकबाकी काढून टाकायला सांगावे आणि स्वतःच्या नावाची नवी चावी मागवावी. आपण काहीही सही केलेली नसली तरी राहायला आल्याच्या दिवसापासून त्या कंपनीशी आपला ग्राहक म्हणून करार झाला असे धरले जाते, आणि त्या दिवसापासूनचा वापर मात्र पूर्णपणे आपला असतो.