राजकीय विरोधकांची सीमेवर आणि विमानतळावर होणारी अडवणूक

सरकारविरुद्ध बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या किंवा संघटना चालवणाऱ्या माणसाला देशाबाहेर जाताना किंवा देशात परत येताना रोखायच्या ज्या पद्धती आहेत त्यांची ही नोंद. जाऊ न देणं आणि येऊ न देणं ह्या दिसायला उलट गोष्टी, पण बऱ्याच राजवटींनी दोन्ही एकाच वेळी वापरल्यात, ज्याचं परदेशात बोलणं नको त्याला आत अडकवायचं आणि ज्याचं देशात असणं नको त्याला बाहेर ठेवायचं.

उगम नेमका कुठे, यावर एकमत नाही. काहीजण इंग्लंडच्या ११६४ च्या क्लॅरेंडन कलमांपर्यंत मागे जातात, त्यात बिशप वगैरे लोकांनी राजाच्या परवानगीशिवाय देश सोडू नये असं म्हटलंय. मग १२१५ च्या मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेच्या ४२ व्या कलमाने युद्धाचा काळ सोडून कोणालाही जायची-यायची मोकळीक दिली, आणि १२१६ च्या पुढच्याच आवृत्तीत ते कलम गाळलं गेलं. 'ने एक्झियट' नावाचा देश न सोडण्याचा राजाचा हुकूम साधारण तेराव्या शतकातला मानतात, पण पुढे तो मुख्यतः कर्जबुडव्यांसाठी वापरला जाऊ लागला, त्यामुळे आजच्या पद्धतीचा थेट पूर्वज तोच म्हणणं जरा ताणल्यासारखं होतं. दुसरं मत फ्रेंच राज्यक्रांतीचं. जून १७९१ मध्ये राजा वेषांतर करून पळताना वॅरेनला पकडला गेला आणि त्यानंतर पासपोर्टची सक्ती परत आली. इथे पहिल्यांदा माणूस कोणत्या राजकीय बाजूचा आहे हे बघून त्याला सीमेवर थांबवणं ठळकपणे दिसतं, म्हणून हे मत जास्त पटण्यासारखं आहे. सरसकट पासपोर्ट तपासणी मात्र १९१४ नंतरचीच.

विसाव्या शतकात सोव्हिएत युनियनने हे काम कागदपत्रांवर सोडलं. देश सोडायला ओव्हीर म्हणजे व्हिसा आणि नोंदणीच्या ऑफिसात अर्ज, त्याला कामाच्या ठिकाणचं शिफारसपत्र आणि आईवडिलांची संमती जोडायची, म्हणजे अर्ज केला की कामाच्या ठिकाणी सगळ्यांना कळणारच. १९७२ मध्ये देश सोडणाऱ्या शिकलेल्या लोकांवर शिक्षणाचा खर्च परत भरायची अट आली. क्यूबातला बाहेर जायचा परवाना, 'पांढरं कार्ड', जानेवारी २०१३ पर्यंत टिकला. अमेरिकेनेही डाव्या विचारांचा गायक पॉल रोबसनचा पासपोर्ट १९५० मध्ये रद्द केला होता, तो १९५८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर परत मिळाला.

आता परवान्याची जागा यादीने घेतलीय आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण परवाना नाकारला तर निदान कळतं, यादीत नाव आहे हे काउंटरवरच कळतं. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी मशीन वाचतं, स्क्रीनवर नाव जुळतं, अधिकारी पासपोर्ट हातात ठेवून बाजूला बसायला सांगतो, वरिष्ठ येतात, फोन होतात, तोवर विमानातून सामान उतरवलेलं असतं आणि लेखी कारण बहुतेकदा मिळतच नाही. भारतात याला लुकआउट सर्क्युलर म्हणतात, त्याला संसदेचा वेगळा कायदा नाही, गृहखात्याच्या सूचनांवरच ते चालतं. २०१० च्या सूचनांत ते एका वर्षाने आपोआप संपायचं, २०२१ पासून काढायची विनंती येईपर्यंत चालू राहतं, हा बदल छोटा वाटला तरी फार मोठा आहे. परदेशी जायचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात येतो हे सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये सतवंत सिंग प्रकरणात आणि १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात सांगितलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये ब्रिटिश खासदारांपुढे बोलायला निघालेल्या ग्रीनपीस संघटनेच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना दिल्ली विमानतळावर अडवलं, तेव्हा हायकोर्टाने पासपोर्टवरचा 'ऑफलोड', म्हणजे प्रवासातून उतरवल्याचा, शेरा काढायला लावला. चीनच्या २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यात तर 'राष्ट्रीय सुरक्षा आणि हित' एवढं कारण पुरतं.

परत येणं जास्त धोक्याचं. २१ ऑगस्ट १९८३ ला फिलिपिन्सचे विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो दुसऱ्याच नावाच्या पासपोर्टवर मनिलाला उतरले, सैनिक विमानात येऊन त्यांना बाजूच्या जिन्याने घेऊन गेले आणि काही क्षणांत गोळी लागली. म्हणून फेब्रुवारी १९८५ मध्ये दक्षिण कोरियाचे विरोधी नेते किम दे-जुंग परतले तेव्हा सोबत अमेरिकन खासदार आणि पत्रकार होते, तरी विमानतळावर धक्काबुक्की झालीच. १७ जानेवारी २०२१ ला रशियाचे विरोधी नेते नवाल्नी यांचं विमान ऐनवेळी दुसऱ्या विमानतळावर वळवलं आणि पासपोर्टच्या खिडकीपाशीच त्यांना ताब्यात घेतलं. लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या चिलीत हद्दपार लोकांच्या पासपोर्टवर 'एल' अक्षर मारायचे, म्हणजे चिली सोडून कुठेही जा. पूर्व जर्मनीने १९७६ मध्ये सरकारवर टीका करणारे गायक वुल्फ बिअरमन यांना कोलोनच्या कार्यक्रमाला जाऊ दिलं आणि तीन दिवसांत नागरिकत्वच काढून घेतलं.

कायद्याने हे बसत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं १३ वं कलम आणि १९६६ च्या नागरी हक्क कराराचं १२ वं कलम दोन्ही हक्क देतात. फरक इतकाच की करारात बाहेर जाण्यावर सुरक्षेच्या नावाने बंधनं चालतात, परत येण्याबद्दल फक्त 'मनमानीने' रोखू नये असं आहे, आणि या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९९ मध्ये स्वतःच्या देशात यायला रोखणं वाजवी ठरेल अशी परिस्थिती जवळपास नसतेच असं म्हटलंय.

अलीकडे तपासणी सीमेच्याही आधी होते, प्रवाशांची माहिती विमान सुटायच्या आधी सरकारकडे जाते. निकाराग्वाच्या काही नागरिकांना परदेशातल्या चेक-इन काउंटरवरच एअरलाइनने तुमच्या सरकारची परवानगी नाही म्हणून थांबवलं. त्याच देशाने फेब्रुवारी २०२३ मध्ये २२२ कैदी विमानाने अमेरिकेला पाठवून त्यांचं नागरिकत्व काढलं. बेलारूसने सप्टेंबर २०२३ पासून परदेशातल्या वकिलातींत पासपोर्टचं नूतनीकरणच बंद केलंय, त्यामुळे मुदत संपलेल्याला देशात परत जाऊनच नवा पासपोर्ट काढावा लागतो.