ध्येय कुठलं, उद्दिष्ट कुठलं? शिरोलीतल्या एका पाटीवरून

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, हिशेबाच्या कामासाठी मी अधूनमधून जातो. मालकांच्या खुर्चीमागं एक पाटी आहे. वर 'आमचं ध्येय', खाली 'पाच वर्षांत 25 कोटी'. एकदा मी विचारलं, "अण्णा, 25 कोटी झाल्यावर पुढं काय?" ते म्हणाले, "मग 50 लिहायचं की!"

अण्णांची मेहनत खरी आहे. सकाळी भट्टी लागायच्या आधी हा माणूस हजर असतो. पण पाटीवर लिहिलंय ते ध्येय नाही, उद्दिष्ट आहे. आपण बोलताना 'ध्येय-उद्दिष्टं' असा एकच जोडशब्द करून टाकतो, त्यामुळं हा घोळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

उद्दिष्टाला आकडा असतो, तारीख असते आणि ते कुणाच्या तरी अंगावर असतं. ठरलेल्या दिवशी 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच त्याचं उत्तर. झालं की ते संपतं. ध्येय असं संपत नाही. आपला कारखाना दहा-पंधरा वर्षांनी कशासाठी ओळखला जावा, हे ते सांगतं. त्याचा खरा उपयोग कळतो तो एखादं काम नाकारायची वेळ येते तेव्हा.

आता नुसता उलाढालीचा आकडा ध्येय म्हणून धरला तर काय होतं, ते हिशेबातच बघू. समजा, महिन्याला 100 टन कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, जातो आणि दर किलोला 90 रुपये आहे. वर्षाची उलाढाल झाली 10 कोटी 80 लाख. पुढच्या वर्षी भट्टीत लागणारं स्क्रॅप आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) महागलं, गिऱ्हाइकानं त्याप्रमाणं दर 108 करून दिला. उलाढाल 12 कोटी 96 लाख. टनेज तेवढंच, माणसं तीच, रिजेक्शन, म्हणजे खराब निघून बाद होणारा माल, तेवढंच, गिऱ्हाईकही एकच. कागदावर 20 टक्के वाढ दिसते आणि कारखाना तसूभरही पुढं सरकलेला नसतो. अशी वाढ मी ताळेबंदात अनेकदा पाहिली आहे, आणि मालकाला ती खरी वाटते याचं मला मनापासून वाईट वाटतं. भाव उतरले की हीच वाढ परत जाते, आणि दरम्यान तिच्या भरवशावर काढलेलं कर्ज मागं राहतं.

ध्येय आणि उद्दिष्ट या दोन्ही गोष्टी नीट वेगळ्या ठेवून एकमेकींना कशा जोडायच्या, याचा नमुना शोधायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. राज्यकारभार म्हणजे धंदा नव्हे, हे मान्य. पण राजर्षी शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा आदेश मी प्रत्येक उद्योजकाला वाचायला सांगतो. 1894 साली महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या 71 पदांपैकी 60 पदं ब्राह्मण समाजाकडे होती. कारभारात सगळ्या समाजांना वाटा मिळावा, हे त्यांचं ध्येय. ते नुसतं भाषणात राहिलं असतं तर बोलाचीच कढी झाली असती. आदेशात त्यांनी आकडा घातला: मागासलेल्या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथं पुढच्या जागा त्यांनाच द्यायच्या, 50 टक्के भरेपर्यंत. आणि त्याच आदेशात पुढं आहे की, खातेप्रमुखांनी नेमणुकांचं पत्रक दर तिमाहीला सरकारकडे पाठवायचं.

मला त्या तिमाही पत्रकाचंच सगळ्यात जास्त मोल वाटतं. आकडा सांगणारे पुष्कळ असतात. तो आकडा कोण, कधी, कुणापुढं ठेवणार हेही तिथंच लिहून ठेवणारे फार थोडे. दुसरी गोष्ट तयारीची. जागा ठेवल्या तरी त्या भरायला शिकलेली मुलं हवीत, म्हणून आदेशाच्या आधीपासून, 1901 पासून, कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहायला लागली होती. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. ध्येय एक, त्याच्या पोटात उद्दिष्टं वेगवेगळी, पण एकमेकांना हात देणारी. 1912 पर्यंत प्रशासनातली पदं 95 झाली आणि त्यांतली 35 ब्राह्मण समाजाकडे राहिली. ध्येयाकडे किती सरकलो, हे मोजता आलं ते असं.

राधानगरीचं धरण आणखी एक गोष्ट शिकवतं. भोगावतीवरच्या या धरणाचं काम 1909 च्या सुमारास सुरू झालं आणि 1918 मध्ये 40 फुटांवर थांबलं, कारण पैसा पुरला नाही. उद्दिष्ट हुकलं, असंच कुणीही म्हटलं असतं. 1922 ला महाराज गेले, 1949 ला संस्थान विलीन झालं. धरण पूर्ण झालं 1957 मध्ये. तारीख कोसळली, तिजोरी बदलली, राज्यसुद्धा बदललं. शेताला पाणी द्यायचं हे ध्येय मात्र तसंच राहिलं, म्हणून अर्धवट भिंत पुन्हा हाती घेता आली. उद्दिष्टाची तारीख पुढं ढकलावी लागली तर तो पराभव नसतो. पण तारीख हुकली म्हणून दिशाच सोडून दिली, तर तोवर घातलेला पैसा पाण्यात जातो.

आता परत फाउंड्रीत. समजा अण्णांचं ध्येय असं असतं: 'आमच्याकडून रफ, म्हणजे ओतल्यावर तसंच ठेवलेलं, कास्टिंग बाहेर जाणार नाही, मशिनिंग झालेला, म्हणजे मशिनवर नेमक्या मापात आणलेला, थेट इंजिनात बसवता येईल असाच पार्ट जाईल.' आणि त्याच आठवड्यात महिन्याला 40 टन रफ कास्टिंगची ऑर्डर आली, दर जेमतेम परवडणारा. 25 कोटींची पाटी म्हणेल, घे. दुसरी पाटी म्हणेल, थांब, हे 40 टन ओतताना तुझे साचे करणारे चांगले मोल्डर अडकतील आणि मशिन शॉप उपाशी राहील. दुसरं उत्तर दरवेळी बरोबरच असेल असं नाही. हप्ते थकलेले असताना ऑर्डर घ्यावी लागते, मीही घ्या म्हणून सांगितलंय. पण काय सोडून काय घेतोय हे तरी माहीत असतं. समजा, मशिनसाठी बँकेचं कर्ज सात वर्षांचं आहे. यंदाच्या टार्गेटकडे बघून सात वर्षांचं कर्ज काढणं धोक्याचं.

उलटा दोषही कमी नाही. काही ठिकाणी पाटीवर 'जागतिक दर्जा' असतं आणि शॉपमध्ये रिजेक्शनचं रजिस्टरच नसतं. विचारलं तर 'करतोय की' एवढंच उत्तर. तिथं ध्येय शोधायला बसू नये, आधी रजिस्टर आणावं.

चपलेच्या धंद्यातही हेच. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्यामागं झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं कातडं आणि हाताचं काम आहे. सणाच्या आधी अमुक जोड खपवायचे हे उद्दिष्ट चांगलंच. ते गाठायला रेक्झिनचे पट्टे लावले, तर आकडा गाठला जातो आणि ज्या नावावर माल खपतो ते नाव झिजतं.

गेल्या एप्रिलपासून अण्णांची मुलगी कारखान्यात बसते. पाटी तिनं काढली नाही, वडिलांची आहे म्हणाली. भट्टीजवळच्या फळ्यावर मात्र एक ओळ मशिनिंग झालेल्या पार्टची लिहिली आणि खाली तीन कामं, प्रत्येकापुढं नाव आणि तारीख. पहिलं काम: सप्टेंबरअखेर रिजेक्शन 7 टक्क्यांवरून 5 वर. पहिल्या तिमाहीला आकडा आला 6.4. अण्णा वैतागले. ती म्हणाली, "अण्णा, कुठलं कास्टिंग बाद होतंय ते तर बघूया." रजिस्टर उघडलं तर निम्म्याहून जास्त माल ब्लोहोलमुळं, म्हणजे ओतताना वायू अडकून पडलेल्या पोकळ्यांमुळं, गेलेला, तोही बहुतेक दुसऱ्या पाळीतला. मोल्डिंगच्या वाळूत ओलावा जास्त पडत होता. आता वाळूतला ओलावा मोजायचं मीटर दोन्ही पाळ्यांत वापरलं जातं, आणि दुसऱ्या पाळीच्या मुकादमाचं नावही फळ्यावर आलंय.