एस्तान्सिया

एस्तान्सिया : अर्जेंटिनाच्या पंपास या सपाट गवताळ प्रदेशातील मोठी, वाडा-गोठ्यांसह असलेली शेतजमीन. गुरांची पैदास, धान्यशेती आणि घोडे यांवर ती चालते. पोलो, म्हणजे घोड्यावर बसून लांब काठीने चेंडू मारण्याचा खेळ, हा तिच्या घोड्यांना पुढे जडलेला नाद, पण आज जगात तिची ओळख बहुधा त्यावरूनच होते.

स्पॅनिश अमदानीत गुरे रानोमाळ हिंडत आणि कातड्यासाठी मारली जात. १८४० च्या दशकात तारेचे कुंपण आले, तेव्हा कुठे कळप वेगळे राखून वळू निवडणे शक्य झाले. शॉर्टहॉर्न, हेरफर्ड आणि अ‍ॅबर्डीन अँगस ही विलायती जनावरे आणली गेली. १८७६ मध्ये ‘ले फ्रिगोरिफिक’ या शीतजहाजाची पहिली फेरी झाली. पुढे मांस थेट युरोपात जाऊ लागले आणि जनावर पोसण्याला किंमत आली. त्यासाठी मालकांनी एक हिशेबी करार रूढ केला : कुळाने, बहुधा इटालियन स्थलांतरिताने, माळ नांगरून काही वर्षे गहू काढायचा आणि जाताना रानात अल्फाल्फा पेरून द्यायचा. हा अल्फाल्फा म्हणजे आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात तो लसूणघास. मालकाला फुकटात कुरण मिळे. कुळ पुढच्या माळावर.

ब्रिटिशांनी मणिपुरी खेळाडूंकडून उचललेला पोलो १८७५ मध्ये डेव्हिड शेनन यांच्या नेग्रेते एस्तान्सियावर खेळला गेला. तो इथे रुजला, कारण घोडा आणि स्वार दोन्ही तयार होते. पळत्या खोंडाला आडवे जाऊन वळवणाऱ्या घोड्याला चेंडूमागे गर्रकन वळणे नवीन नव्हते. क्रिओल्यो या काटक स्थानिक घोड्याचा थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्याशी संकर करून वेगही मिळवला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला पहिले सुवर्णपदक मिळाले, ते पोलोतच.

खेळाचे श्रेय मालकांना मिळते, राबतो तो ‘पेतिसेरो’ हा मोतद्दार. लगामात वा काठीत अडकू नये म्हणून तो घोड्याची आयाळ तासतो, शेपटी गुंडाळून बांधतो. सामन्यात दर सात मिनिटांच्या डावानंतर ताजा घोडा पुढे करायचा, तोही त्यानेच.

गुरांत रुळलेले भ्रूणरोपण पुढे घोड्यांतही आले, मग क्लोनिंग. २०१६ मध्ये ब्वेनोस आइरेसच्या पालेर्मो मैदानावरील पोलोच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा खेळाडू अदोल्फो काम्बियासो ‘क्वार्तेतेरा’ या एकाच घोडीच्या सहा क्लोनवर आळीपाळीने बसून खेळला आणि जिंकला.