पॅरा उडीपटूचं वर्गीकरण: अर्ज नेमका कुठे अडतो?

लांब उडी, उंच उडी किंवा तिहेरी उडी, आंतरराष्ट्रीय पॅरा (दिव्यांग खेळाडूंच्या) स्पर्धेत उतरायचं तर आधी खेळाडूचा वर्ग, म्हणजे दिव्यांगत्वानुसार त्याचा गट, ठरावा लागतो. अर्ज खेळाडू स्वतः करू शकत नाही. तो आपल्या देशाच्या राष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीमार्फतच जातो. नोंदणी, परवाना, पासपोर्टची प्रत यांत सहसा काही अडत नाही.

अडतं ते वैद्यकीय कागदांवर. "माझ्याकडे साठ टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आहे" असं सांगून काही होत नाही, कारण तिथे टक्केवारी बघतच नाहीत. लागतो तो वैद्यकीय निदानाचा ठरलेला नमुना: इंग्रजीत, डॉक्टरांनी भरलेला, सही-शिक्क्यासह आणि सोबत निदान सिद्ध करणारे अहवाल. घाईतले डॉक्टर "उजव्या पायात अशक्तपणा" एवढंच खरडून देतात आणि अर्ज परत येतो. अशक्तपणा हे लक्षण झालं, तो कशामुळे आला ते लिहायला हवं. अवयव नसेल किंवा आखूड असेल तर एक्स-रे जोडा, स्नायूंत ताकद नसेल तर नसांची तपासणी किंवा एमआरआय. दृष्टिदोषासाठी नमुना वेगळा, तो नेत्रतज्ज्ञच भरतात आणि त्यातली तपासणी बारा महिन्यांच्या आतली लागते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हाचा एक कागद घरात नाही, असं कितीतरी जणांचं असतं. जुनी फाइल शोधत महिने घालवू नका. आज तज्ज्ञाकडून नव्याने तपासून घ्या.

पात्रतेबद्दल स्पष्ट बोललेलं बरं, कारण इथे मुलांची फार निराशा होते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर दृष्टिदोषाच्या वर्गात जागा नाही. चष्मा लावून चांगल्या डोळ्याला किती दिसतं ते मोजतात. हाताचं एखादं बोट नसणं पुरत नाही. बहिरेपणा पॅरालिम्पिकच्या यादीतच नाही. व्हीलचेअरच्या आणि कमी उंचीच्या वर्गांना उड्यांचे प्रकार नाहीत, त्यांनी फेकीकडे बघावं.

पायाच्या वर्गांत आकड्यांचा गोंधळ ठरलेला. कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांचे वर्ग टी६१ ते टी६४ (टी म्हणजे धावणं आणि उड्या), न लावता खेळणाऱ्यांचे टी४२ ते टी४४. पण स्पर्धेत दोन्ही गट अनेकदा एकत्र उतरवतात. भारताचा उंच उडीपटू प्रवीण कुमार टी४४ वर्गाचा, तरी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने २.०८ मीटरची उंच उडी मारून सुवर्ण जिंकलं ते टी६४ च्या स्पर्धेत. तेव्हा स्पर्धेच्या नावात आपला आकडा दिसला नाही म्हणून आपल्याला प्रवेश नाही असं धरून बसू नका.

मुदतीचं काय? कागद स्पर्धेच्या किमान सहा आठवडे आधी पोहोचायला हवेत. पोहोचणं म्हणजे समितीने ते ऑनलाइन प्रणालीत चढवणं, तुम्ही प्रशिक्षकाच्या हातात दिलेला दिवस नव्हे. मधल्या टेबलावर कागद किती दिवस पडून राहील याची हमी कुणी देत नाही, म्हणून चढवल्याची पोच मागा. आणि मागत राहा.

वर्गीकरणाच्या दिवशी पासपोर्ट, मूळ अहवाल, खेळाचे कपडे, स्पाइक्स आणि उडी मारताना वापरता तो कृत्रिम पाय किंवा आधार, सगळं बरोबर न्या. मुद्दाम कमी जोर लावू नका. तज्ज्ञांच्या ते लक्षात येतं, वर्गीकरण अपूर्ण म्हणून थांबतं आणि फसवणूक ठरली तर काही वर्षांची बंदी येते. शारीरिक दोष असणाऱ्यांना बहुधा पहिल्या स्पर्धेत प्रत्यक्ष उडी मारतानाही पाहतात.

वर्ग मिळाला तरी त्यापुढचा शेरा वाचा. "कायम" असेल तर ठीक. पण पुनर्तपासणीचं वर्ष लिहिलं असेल तर तो वर्ग त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो असा अर्थ होत नाही. त्या वर्षी १ जानेवारीनंतरच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेआधी पुन्हा तपासणी द्यावी लागते, आणि तिचे ताजे अहवाल आदल्या वर्षीच काढायला लागा.

"अपात्र" असा निकाल आला तर वर्गीकरण तज्ज्ञांचं दुसरं पथक तो पुन्हा तपासतं. वर्गावर हरकत घ्यायची असेल तर तीही समितीच घेते, शुल्क भरून आणि फार थोड्या वेळात. त्यामुळे त्या दिवशी संघ व्यवस्थापक मैदानावरच असेल, फोन उचलेल, एवढं आधीच पक्कं करा.