तांब्याचं टेबल: घेण्याआधी आणि घेतल्यावर

आमच्या कार्यशाळेत तांब्याच्या टेबलाची चौकशी करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "काळं पडतं का हो?"

पडतं. नवं तांबं गुलाबीसर असतं. हवा आणि हाताचा घाम लागून ते आधी तपकिरी होतं, मग गर्द चॉकलेटी. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे सावकाश होतं. घरातलं टेबल सहसा हिरवं मात्र पडत नाही. हिरवा थर म्हणजे जंगाल, आणि ते ओल साचून राहिली तरच धरतं.

आपल्या घरांत तांबं लखलखीत ठेवायची रीत आहे. ताम्हण, पंचपात्री, पाण्याचा हंडा रोज चिंचेने उजळायचा. काळा राहिला तर घरच्या बाईला बोल लागायचा. त्यामुळे तांब्याचा रंग बदलला की आपल्याला ती हयगय वाटते. टेबलाच्या बाबतीत तसं समजू नका. पंधरा चौरस फुटांचा पत्रा रोज चिंचेने घासणं कोणालाच जमणार नाही, आणि जमलं तरी टेबलाचं त्यात भलं नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी घरात बसून एवढंच ठरवा: रंग बदललेला चालेल की नाही? बाकी सगळं त्यावरून ठरतं.

रंग बदललेला आवडत असेल, तर कोरं तांबं घ्या. पहिले दोन-तीन महिने ते डागाळलेलं दिसेल. ग्लासची गोल खूण, लिंबाच्या फोडीचा गुलाबी ठिपका, बोटांचे ठसे, सगळं उमटेल. मग हळूहळू ते एकमेकांत मिसळतं आणि एक खोल रंग येतो, जो कुठल्याही रसायनाने तसा आणता येत नाही. आम्हाला स्वतःला हाच प्रकार सर्वांत आवडतो.

पहिल्या दिवसापासून गडद रंग हवा असेल, तर आम्ही तो कार्यशाळेतच आणतो आणि वर मधमाशीच्या मेणाचा हात देतो. मेण दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. चकाकी कायम हवी असेल तर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, मारून मिळेल, पण त्यातली अडचण आधीच सांगतो. लॅकरवर सुरीचा ओरखडा गेला की त्या रेघेतून हवा आत शिरते आणि खाली काळा दोरा धरतो. तो तेवढाच पुसता येत नाही. अख्खं लॅकर काढून पुन्हा मारावं लागतं.

पृष्ठभाग गुळगुळीत घ्यायचा की मठारलेला, म्हणजे हातोडीने ठोकलेला, हेही विचारलं जातं. लहान मुलं असलेल्या घराला आम्ही मठारलेलाच सुचवतो. हातोडीच्या ठशांमध्ये ओरखडे आणि डाग लपतात. गुळगुळीत पत्र्यावर एक रेघसुद्धा दुरून दिसते. मठारण्याचा दुसरा फायदा असा की ठोकल्याने तांबं ताठ होतं. फार ताठ झालं की ते तडकू शकतं, म्हणून कारागीर मधे ते लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करतो. ठोकायचं, तापवायचं, पुन्हा ठोकायचं. वेळ जातो तो इथे, म्हणून लग्नाच्या तारखेला टेबल हवं असेल तर ऑर्डर लवकर द्या.

जाडीबाबत फसू नका, मग टेबल आमच्याकडून घ्या की दुसरीकडून. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर आणि १८ गेज म्हणजे सुमारे १.२. पाच बाय तीन फुटांच्या टेबलाला नुसता सपाट पत्रा २० गेजमध्ये ११ किलोच्या थोडा वर भरतो, १८ मध्ये १५ किलोच्या आसपास. कडेची दुमड धरली की आणखी वाढतो. पत्रा बसवण्याआधी समोर वजन करून मागा. सोबत लोहचुंबक आणा. तांब्याला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

पत्र्याखाली आम्ही वॉटरप्रूफ प्लाय घालतो आणि तो लवचीक राहणाऱ्या गोंदाने चिकटवतो. उन्हाळ्यात चाळीस-बेचाळीस अंश आणि थंडीतल्या रात्री दहा-बारा अंश, एवढ्या फरकाने पाच फुटांचं तांबं जवळजवळ पाऊण मिलिमीटर लांबतं-आखडतं. कडक गोंद असला तर पत्रा सुटतो आणि टेबलावर हात टेकला की ठकठक वाजतो.

आता रोजची निगा. मऊ सुती फडकं, कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब, आणि लगेच कोरडं पुसणं. हे शेवटचं विसरू नका. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाणी तसंच वाळलं की पांढरे डाग राहतात. तारेची घासणी, ब्लीच, संडास साफ करायचं ॲसिड आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण टेबलाजवळ आणूच नका. कुकर, कढई, तवा थेट ठेवायचा नाही. खाली लाकडी पाट किंवा चुंबळ हवी. तांब्यातून उष्णता झपाट्याने पसरते, मेण वितळतं, लॅकर करपतं आणि खालचा गोंदही सुटू शकतो. लोणचं, दही, चिंचेचं सार सांडलं तर जेवण होईपर्यंत थांबू नका, तेव्हाच पुसा. आणि आंबट पदार्थ थेट तांब्यावर वाढायचा नाही. बिनकल्हईच्या भांड्यात ताक का ठेवत नाहीत, ते तुमच्या आजीने सांगितलं असेलच. ते कळकतं, आणि इथेही तेच होतं.

अंबाजोगाईच्या एका घरी आम्ही गडद रंगाचं टेबल दिलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या मावशींनी मायेने त्याचा एक कोपरा चिंच-मिठाने उजळला. कोपरा लखलखीत गुलाबी, बाकी टेबल चॉकलेटी. चूक त्यांची नव्हती, आमची होती. आम्ही कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. रंग पुन्हा सारखा करायला टेबल कार्यशाळेत आणावं लागलं. हे पत्रक तेव्हापासून प्रत्येक टेबलासोबत जातं. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही ते वाचून दाखवा. पितांबरी किंवा चिंच वापरायचीच असेल तर फक्त कोऱ्या तांब्यावर, आणि पूर्ण पृष्ठभागावर एकदम.

तांब्यावर जंतू मरतात का, असंही विचारतात. कोऱ्या तांब्यावर बरेच जीवाणू काही तासांत मरतात, हे खरं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना तशी मान्यताही दिली. पण लॅकर किंवा मेण मधे आलं की तो गुण उरत नाही. त्यामुळे टेबल पुसायचं ते पुसायचंच.

शेवटी मोडीबद्दल. घरातलं जुनं घंगाळ किंवा बंब घेऊन "याचंच टेबल करा" म्हणणारे बरेच येतात. जुन्या भांड्याचा पत्रा जागोजागी कमीजास्त जाड असतो, जोडाला डाग (झाळण) दिलेला असतो, कधी आतून कल्हईचा थर असतो. त्यातून पाच फुटांचा सपाट पत्रा निघत नाही. मोड म्हणून आम्ही ते वजनावर घेऊ, पण आमचं मन त्याला तयार नसतं. त्याऐवजी घंगाळाचा काठ किंवा कडी टेबलाच्या पायात बसवून देता येते, आणि उरलेलं घंगाळ घरीच राहतं. भांडं आणाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आणा. नमुन्याचे तळहाताएवढे तुकडे आमच्याकडे ठेवलेले आहेत. पंधरा दिवस घरी न्या, त्यावर चहा सांडा, लिंबू पिळा आणि मग रंग ठरवा.