कुस्तीच्या फडात ४×५ चा कॅमेरा

बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात हलगी कडाडली की जोड एका जागी ठरत नाही. आणि ४×५ इंची फिल्मच्या कॅमेऱ्याला नेमकं समोरचं एका जागी ठरलेलं हवं असतं. कडेला एवढी गर्दी की तिवईला जागा नाही, काळ्या कापडाखाली डोकं घालून दुधी काचेवर फोकस करायला सवड नाही. अशा कामासाठी रेंजफाइंडर (अंतर हेरून फोकस जुळवणारं साधन) लावलेले, हातात धरायचे मोठे कॅमेरे निघाले. त्यातला स्पीड ग्राफिक १९१२ चा. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकी झेंडा उभारतानाचा १९४५ चा प्रसिद्ध फोटो त्याच्यावरच काढलेला. आपल्याकडे वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही हा कॅमेरा वापरला.

हातात धरायचं म्हणजे फोटो हलणार, अशी धास्ती असते. ती थोडी फुगवलेली आहे. ८×१० इंची प्रिंटसाठी ही फिल्म दुपटीनेच मोठी करावी लागते. ३५ मिमीची फिल्म आठपट. त्यामुळे फिल्मवरची थरथर प्रिंटवर तितकी वाढत नाही. खरी अडचण फोकसच्या खोलीची, म्हणजे पुढे-मागे किती अंतर स्पष्ट येतं त्याची आहे.

१३५ मिमीची लेन्स घ्या. एफ/४.७ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), ३ मीटरवरच्या पैलवानाभोवती साधारण ४५ सेंटिमीटरचा पट्टाच स्पष्ट येतो. तेवढंच दृश्य टिपणारी ३८ मिमीची लेन्स लहान फिल्मवर त्याच आकड्याला जवळपास दोन मीटर सांभाळते. कोन तोच, पण मोठ्या लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात साडेतीन पट रुंद असतं, म्हणून हा फरक. ४५ सेंटिमीटरमध्ये एका मल्लाची पाठ आणि दुसऱ्याचा चेहरा कसाबसा बसतो. इथे नुसत्या अंदाजावर भागत नाही.

रेंजफाइंडरला दोन खिडक्या असतात. दोन्हींतून दिसणारी चित्रं आत एकावर एक पडतात. फोकसचा गोल फिरवला की लेन्स पुढे सरकते, तिच्याबरोबर आतला आरसा किंचित वळतो. दोन्ही चित्रं जुळली की अंतर सापडलं. आता मेख बघा. अनंतावरून, म्हणजे अगदी दूरच्या फोकसवरून, ३ मीटरवर येताना १३५ ची लेन्स सुमारे ६.४ मिमी पुढे सरकते, १५० ची ७.९ आणि ९० ची जेमतेम २.८. म्हणजे आरशाला लेन्सची चाल शिकवणारा कॅम दर लेन्सला वेगळा लागतो. १३५ च्या कॅमवर १५० लावली तर चित्रं ३ मीटरवर जुळतात आणि फोकस पडतो ३.७ मीटरवर. कुस्ती धूसर, मागची फेटेवाली रांग कोरीव! लिनहॉफ टेक्निका या कॅमेऱ्यासाठी तर कॅम त्या एकाच लेन्सला मोजून कापतात, कारण १५० लिहिलेल्या दोन लेन्सही तंतोतंत सारख्या नसतात.

म्हणून माझं मत सरळ आहे: बॅगेत चार लेन्स भरू नयेत. कॅमला जुळवलेली एक १३५ ठेवावी. श्नायडरची झेनार एफ/४.७ हलकी आहे, मिटलेल्या कॅमेऱ्यात मावते. एफ/३.५ ची लेन्स उजेड जास्त देते, पण आधीच तोकडी असलेली खोली आणखी आखडते आणि वजन वाढवते. तिचा मोह मला कळतो, पटत नाही. २१० हातात धरायच्या भानगडीत पडूच नये. दुसरी घ्यायचीच असेल तर ९० ची अँग्युलॉन घ्यावी. एफ/१६ वर ५ मीटरला ठेवली की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालतं, रेंजफाइंडरकडे बघायलाही नको. शिवजयंतीच्या चित्ररथांसमोर मात्र रात्री एफ/१६ म्हणजे फ्लॅश आलाच.

जुनी लेन्स घेताना आधी टॉर्च आतून मारून बघा. खानापूर भागातल्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या काचेवर बुरशीचे धागे धरतात, आणि ते खोलवर गेले की पुसून जात नाहीत. लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाताही अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून तपासावा. घड्यांच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपला तर भोक आहे.

रेंजफाइंडर जुळवायला दुधी काच आणि भिंग पुरे. वडगावच्या गच्चीवरून येळ्ळूरच्या राजहंसगडाचा बुरूज काचेवर स्पष्ट करा आणि अनंताचे थांबे (लेन्स जिथे अडते त्या खुणा) तिथे घट्ट करा. मग ३ मीटरवर टांगलेलं वर्तमानपत्र काचेवर स्पष्ट करून रेंजफाइंडरमध्ये बघा. बुरूज जुळतो पण पेपर जुळत नाही, असं झालं तर थांब्यांना हात लावू नका. दोष कॅममध्ये आहे.