नऊ गुण मिळालेला उंदीर चालतो का?

मराठीत रॅटही उंदीर आणि माउसही उंदीर. घरातल्या पोत्याला भोक पडले की कोणी जात विचारत नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीवरचे संशोधन वाचताना मात्र हा एकच शब्द घोटाळा करतो, कारण या दोन प्राण्यांची चाल मोजायच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत आणि त्यांची नावेही जुळ्या भावांसारखी आहेत: बीबीबी आणि बीएमएस.

बीबीबी १९९५ सालची, रॅटसाठी केलेली. बासो, बीटी आणि ब्रेस्नहान या तीन संशोधकांच्या आडनावांची ही आद्याक्षरे. गुण ० ते २१. बीएमएस म्हणजे बासो माउस स्केल, २००६ सालची, गुण ० ते ९. म्हणजे माउसला ९ मिळाले तर तो निरोगी माउससारखा चालतो: पावले सरळ, धड स्थिर, शेपटी वर. रॅटला बीबीबीवर ९ मिळाले तर? तो फार तर जागच्या जागी मागच्या पायांवर भार पेलतो, किंवा पंजा उलटा टेकवून, पंज्याच्या पाठीवर पावले टाकतो. तळवा टेकवून टाकलेले एकही पाऊल नाही.

चाचणी दोन्हीकडे दिसायला सारखीच. प्राण्याला मोकळ्या रिंगणात सोडायचे, चार मिनिटे मागचे पाय न्याहाळायचे आणि गुण द्यायचे. साधारणपणे दोन निरीक्षक असतात, आणि कोणत्या प्राण्याला औषध दिले आहे हे त्यांना सांगितलेले नसते. माहीत असले की डोळा आपोआप उदार होतो.

फरक आहे तो काय न्याहाळायचे यात. रॅट मोठा, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा. त्याचा खुबा, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे वेगवेगळे पाहता येतात. म्हणून बीबीबीचे पहिले सात गुण निव्वळ सांध्यांच्या हालचालीतच जातात. माउस पंचवीसेक ग्रॅमचा आणि भलताच चपळ. त्याचा गुडघा किती वाकला हे फराखाली नीट दिसत नाही, म्हणून बीएमएस सुरुवातीला फक्त घोटा पाहते: हलत नाही ०, थोडा हलतो १, भरपूर हलतो २. तीनवर लगेच तळवा टेकण्याची गोष्ट सुरू होते. पाऊल उचलताना बोटे जमिनीला घासतात की सुटतात, हा बीबीबीतला वरच्या टप्प्यातला निकष बीएमएसमध्ये नाहीच. धावत्या माउसची बोटे कोण पाहणार!

२००६पूर्वी अनेकजण बीबीबीच, किंवा तिला थोडी कात्री लावून, माउसवर वापरत. जनुके बदललेले प्राणी माउसमध्ये सहज मिळू लागल्यावर हा जुगाड पुरेना.

मग टक्क्यांत बदलून तुलना करावी का? करून पाहू. अधूनमधून तळवा टेकवून भार पेलत टाकलेली पावले: बीबीबीवर १०, म्हणजे सुमारे ४८ टक्के, बीएमएसवर ४, म्हणजे सुमारे ४४. इथवर ठीक वाटते. आता थोडे खाली या. तिन्ही सांधे भरपूर हलतात, पण उभे राहणे दूरच, असा रॅट ७ गुणांवर, म्हणजे ३३ टक्के. भरपूर घोटा हलवणारा माउस मात्र २ वर, २२ टक्के. गणित फसते ते असे. मुळात या पायऱ्या आहेत, पट्टीवरचे सेंटिमीटर नव्हेत. घोटा हलणे ते घोटा जास्त हलणे हाही एक गुण, आणि पंजा नुसता टेकणे ते पाऊल टाकणे हाही एकच. पाऊल टाकण्याचा गुण मिळवायला मेंदूकडून खाली येणारे काही तंतू शाबूत असणे बहुधा लागते. घोटा हलवण्यासाठी दुखापतीखालच्या मज्जारज्जूची स्वतःची हालचालही पुरते.

म्हणूनच सरासरी पाहताना मला धास्ती वाटते. बीएमएसवर उपचार घेतलेल्या गटाची सरासरी ३.५ आणि न घेतलेल्याची ३ असेल, तर निम्मे प्राणी खरेच पावले टाकू लागले, की एखादाच खूप सुधारला आणि बाकीचे होते तिथेच राहिले? प्रत्येक प्राण्याचा गुण वेगळा ठिपका म्हणून छापलेला असला तर ते कळते.

एकाच गुणावरच्या प्राण्यांतला फरक दिसावा म्हणून बीएमएसमध्ये एक उपगुणसंख्याही आहे, ० ते ११. पाच गुणांच्या दोन माउसपैकी एकाची पावले नेहमीच तळव्यावर पडतात, दुसऱ्याची निम्म्याहून थोडी अधिक वेळा. मुख्य गुण दोघांना सारखाच. पावले, पंज्याची दिशा, पुढच्या-मागच्या पायांचा मेळ, धड आणि शेपटी यांचे वेगळे गुण मोजले की हे दोघे निराळे पडतात.